त्रिज्या ठरते तेव्हा

पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात सडे, घाट्या, व्हाळ आणि खाड्या. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात रस्त्याला सरळ जाण्याची मुभा फारशी मिळतच नाही. मालवणहून कसालकडे निघालेली एसटी असो, चौके-धामापूरवरून कुडाळ गाठणारी रिक्षा असो की देवगडहून नांदगावकडे आंब्याच्या पेट्या घेऊन धावणारा टेम्पो असो, चाल सगळ्यांची एकच: थोडे सरळ, मग वळण, परत थोडे सरळ. प्रवाशाला वळण पोटात ढवळले की कळते, चालकाला स्टिअरिंगवर कळते. ज्याने ते आखले त्याच्या लेखी ते एका वर्तुळाचा तुकडा असते. त्या वर्तुळाचा मध्य बहुधा कुणाच्या तरी काजूच्या बागेत, भाताच्या कुणग्यात नाहीतर खाडीच्या पाण्यात पडलेला असतो आणि तिथे कसलीही खूण नसते.

पुढच्या पानांचा विषय आहे हा तुकडा आणि त्याची आकडेमोड. अभियांत्रिकीची पदविका घेणाऱ्या प्रत्येकाने ती एकदा तरी घोकलेली असते. कानेटकर आणि कुलकर्णी यांचे पुणे विद्यार्थी गृहाने काढलेले ‘सर्व्हेइंग अँड लेव्हलिंग’ उघडले, की सूत्रे ओळीने मांडलेली सापडतात: स्पर्शिकेची लांबी, कमानीची लांबी, लांब जीवा, विक्षेप कोन. प्रत्येक सूत्रात एक अक्षर हटकून येते, ‘आर’, म्हणजे त्रिज्या. गणितात ती ‘दिलेली’ असते. प्रत्यक्ष रस्त्यावर ती कुणी देत नाही; ती ठरवावी लागते. ठरवताना गाडीचा वेग, डोंगराचा उतार आणि कोपऱ्यावरच्या जमिनीचा मालक असे तिघे समोर बसलेले असतात. सूत्रांना पाच मिनिटे लागतात, त्रिज्येला कधी कधी पाच वर्षे.

म्हणून या प्रस्तावनेत सूत्रे येतील, पण ती त्रिज्येच्या मागे मागे येतील.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते कल्पिलेले आहेत, जागा मात्र मालवण तालुक्यात पावलोपावली दिसेल अशीच. रस्ता सड्यावरून उतरत खाडीच्या दिशेने येतो आणि ३६ अंशांनी वळून किनाऱ्याला समांतर जातो. दोन्ही सरळ रेषा पुढे वाढवल्या की जिथे भेटतात तो शिरोबिंदू. साइटवर त्याला सगळे ‘पीआय’ म्हणतात. त्याचे चेनेज १२४० मीटर, म्हणजे रस्त्याच्या आरंभापासून तो तेवढा लांब. त्रिज्या १५० मीटर घ्यायची ठरली, की पुढचे आकडे आपोआप पडत जातात. स्पर्शिकेची लांबी म्हणजे त्रिज्या गुणिले अर्ध्या कोनाचा टॅन्जंट: १५० गुणिले टॅन १८ अंश, ४८.७४ मीटर. शिरोबिंदूपासून तेवढे मागे आले की वळण सुरू होते, म्हणजे ११९१.२६ वर. कमानीची लांबी ९४.२५ मीटर. ती मिळवली की वळण संपते १२८५.५१ वर.

नवख्याचा पाय इथेच घसरतो. शिरोबिंदूच्या चेनेजमध्येच स्पर्शिकेची लांबी मिळवून तो वळणाचा शेवट १२८८.७४ वर लिहितो. पण रस्ता कोपऱ्यापर्यंत जातच नाही, तो कोपरा कापून जातो, म्हणून ३.२३ मीटर कमी भरतात. एका वळणात एवढी चूक खपून जाईल. दहा वळणे झाली, की मोऱ्यांच्या जागा, किलोमीटरचे दगड, खडी-डांबराचे मोजमाप आणि त्यावर निघणारे बिल, सगळेच सरकलेले असते.

याच हिशेबात आणखी एक आकडा निघतो आणि परीक्षेत त्याला फारसे गुण नसतात. शिरोबिंदूपासून वळणाच्या मध्यापर्यंतचे अंतर, म्हणजे रस्त्याची मधली रेषा कोपऱ्यापासून किती आत सरकली ते. त्रिज्या १५० असेल तर ते ७.७२ मीटर. त्रिज्या ६० केली तर ३.०९. त्रिज्या २३० केली तर ११.८४ आणि ३६० केली तर १८.५३. कोन तोच, सरळ रेषा त्याच. बदलली ती फक्त त्रिज्या. दीडशेवरून दोनशे तीसवर गेल्याबरोबर रस्ता चार मीटरांनी आतल्या बाजूच्या जमिनीत शिरला. शिवाय वळण सुरू होण्याची जागाही २६ मीटर अलीकडे आली, म्हणजे आधी ज्याच्या जमिनीला धक्का नव्हता त्याचेही नाव भूसंपादनाच्या यादीत आले.

चार मीटरांत काय मावते? मालवणात जांभ्याच्या चिऱ्यांचा गडगा मावतो. गडग्याच्या आतली हापूसची कलमे मावतात. चिऱ्यांनी बांधलेली विहीर मावते, आणि कधी वाडीच्या राखणदाराची जागा, जिला हात लावायला ठेकेदाराची माणसेही तयार होत नाहीत. त्यातून कोकणातला सातबारा सामाईक. त्यावर आजोबांपासून चुलत-चुलत भावंडांपर्यंतची नावे, निम्मी मंडळी मुंबईत, काही त्याही पलीकडे. गणपतीत सगळे गावी आले की चर्चा होते आणि गणपतीबरोबर विसर्जित होते. अशा वेळी शाखा अभियंता १५० ऐवजी १०० त्रिज्या धरतो, गडगा वाचतो, काम सुरू होते. नकाशावर त्या तडजोडीची नोंद एवढीच राहते: ‘आर = १००’.

तडजोडीचे दुसरे टोक वेगाकडे असते. वळणावर गाडीला बाहेर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. भारतात वापरले जाणारे सूत्र असे: ताशी किलोमीटरमधल्या वेगाचा वर्ग भागिले १२७ गुणिले त्रिज्या, बरोबर रस्त्याचा आडवा उतार अधिक टायरचे घर्षण. आडवा उतार, म्हणजे बाहेरची कड उचलून दिलेला कल. साइटवर त्याला नुसते ‘सुपर’ म्हणतात. मैदानी आणि उंचसखल भागात तो सात टक्क्यांपर्यंत, बर्फ नसलेल्या डोंगरात दहा टक्क्यांपर्यंत देता येतो. घर्षणाचा गुणांक ०.१५ धरतात. ओले डांबर आणि झिजलेले टायर यांची कल्पना असल्यामुळेच तो इतका कमी धरलेला आहे.

हे आकडे घालून पाहिले की ताशी ४० किलोमीटरला सुमारे ६० मीटर त्रिज्या लागते, ५० ला ९०, ८० ला २३० आणि १०० ला ३६०. वेग ५० चा १०० झाला, त्रिज्या चौपट झाली. वरच्या उदाहरणातल्या १५० मीटरच्या वळणावर ताशी ६० ने जाणारी गाडी सात टक्के सुपर मिळाल्यावर घर्षणाकडून ०.१२ एवढेच मागते. ते मिळण्यासारखे आहे. तीच गाडी ८० ने आली तर मागणी ०.२७ वर जाते. कोरड्या रस्त्यावर ती कदाचित निभावून नेईल. मृगाच्या पहिल्या सरीत, डांबरावर तेल आणि धुळीचा राप चढलेला असताना, तिची हमी कुणी देत नाही.

हे नियम देशभर एकसारखे असावेत या विचाराला एका मराठी माणसाचा मोठा हातभार लागलेला आहे. १९२७ मध्ये बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय रस्ते विकास समिती नेमली गेली. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या होत्या आणि बैलगाडीसाठी बांधलेले रस्ते त्यांना पुरे पडत नव्हते. रस्ते हा नुसता स्थानिक संस्थांच्या ऐपतीचा प्रश्न नाही, असे या समितीने सांगितले. तिच्या शिफारशींतून १९२९ मध्ये पेट्रोलवरच्या जादा करातून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. वळणांचे तयार तक्ते देणारी ‘आयआरसी ३८’ ही पुस्तिका आणि ग्रामीण भागातल्या महामार्गांची भूमितीय मानके सांगणारी ‘आयआरसी ७३’ ही याच संस्थेची प्रकाशने. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या उपविभागात टेबलावर ठेवलेली झिजलेली प्रत बहुतेकदा यांतलीच एक असते.

त्रिज्येचा हिशेब वेगावर संपत नाही. वळणावर पुढचे दिसलेही पाहिजे.

ताशी ६० ने चाललेल्या गाडीला अडथळा दिसल्यापासून थांबेपर्यंत ८० मीटर लागतात, असे मानक सांगते. १५० मीटर त्रिज्येच्या वळणावर एवढे दिसायचे असेल, तर आतल्या लेनच्या मध्यापासून किती अंतर मोकळे हवे? ८० चा वर्ग भागिले आठ पट त्रिज्या: ५.३३ मीटर. एवढ्या पट्ट्यात चालकाच्या नजरेआड येईल असे काही नको. सूत्राने गडगा मागे ठेवला, तरी पाऊस त्याच्या पुढे रान उभे करतो. जूनमध्ये मोकळी दिसणारी कड श्रावण संपेपर्यंत पुरुषभर उंचीच्या झुडपांनी भरते आणि काजूची फांदी रस्त्यावर झुकते. एसटीच्या चालकाला हे पाठ असते. तो वळणाआधीच हॉर्न देतो. मालवण पाहायला पहिल्यांदाच आलेल्या पर्यटकाच्या गाडीला ते ठाऊक नसते. रान बेणण्याचे काम देखभालीच्या खात्यात पडते, पण किती बेणायचे हे वळणाच्या त्रिज्येत आधीच लिहिलेले असते.

लांब गाडीची मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, आतून कापत जातात. म्हणून वळणावर रस्ता रुंदही करावा लागतो. दोनपदरी रस्त्यावर १०१ ते ३०० मीटर त्रिज्येला ०.६ मीटर, ६१ ते १०० ला ०.९, ४१ ते ६० ला १.२ आणि त्याहून आखूड वळणांना १.५ मीटर. त्रिज्या कमी करून वाचवलेली जमीन थोडीशी इथे परत द्यावी लागते.

आता आखणीकडे वळू. कागदावरचे वळण जमिनीवर कसे उतरवायचे, या प्रश्नाचे सर्वांत गाजलेले उत्तर १८४० च्या सुमारास आयर्लंडमध्ये सापडले. डब्लिन ते ड्रोहेडा या रेल्वेमार्गावर काम करणाऱ्या विल्यम जॉन मॅक्वॉर्न रँकिन या तरुण अभियंत्याने थिओडोलाइटचा पुरेपूर उपयोग करणारी एक रीत बसवली. पुढे वाफेच्या इंजिनाच्या आणि उष्णतेच्या शास्त्रात त्याचे मोठे नाव झाले. सर्वेक्षकांच्या जगात मात्र तो अजून ‘रँकिनची मेथड’ म्हणूनच जिवंत आहे. तिच्या मुळाशी युक्लिडच्या तिसऱ्या पुस्तकातली भूमिती आहे: स्पर्शिका आणि जीवा यांच्यातला कोन हा त्या जीवेने मध्यापाशी केलेल्या कोनाच्या निम्मा असतो. याचा व्यवहारातला फायदा असा, की वर्तुळाच्या मध्याशी जाण्याची गरजच उरत नाही. मध्य खाडीत असो की कुणाच्या माजघरात, यंत्र वळणाच्या सुरुवातीलाच उभे राहते.

वरच्या उदाहरणात खुंट्या दर दहा मीटरला, पूर्ण चेनेजवर ठोकायच्या आहेत. वळण सुरू होते ११९१.२६ वर, म्हणून १२०० च्या खुंटीपर्यंतचा पहिला तुकडा ८.७४ मीटरचा. त्याचा विक्षेप कोन १ अंश ४० मिनिटे ८ सेकंद. त्यानंतर १२८० पर्यंत दहा-दहा मीटरचे आठ तुकडे, प्रत्येकाला १ अंश ५४ मिनिटे ३५.५ सेकंद. शेवटचा तुकडा ५.५१ मीटरचा, १ अंश ३ मिनिटे ८ सेकंद. सगळ्यांची बेरीज बरोबर १८ अंश, म्हणजे वळणाच्या कोनाच्या निम्मी. ती तशी आली नाही तर यंत्र पेटीतून बाहेर काढायचे नाही, हा जुन्या मंडळींचा दंडक.

जागेवरचे काम तिघाचौघांचे. एक जण यंत्रावर. शून्य शिरोबिंदूकडे धरून तो दुर्बीण पहिल्या कोनात फिरवतो. दुसरा फितीचे टोक मागच्या खुंटीवर धरून बसतो. तिसरा फीत ताणून रेंजिंग रॉड घेऊन उभा. यंत्रावरचा हाताने डावीकडे-उजवीकडे खुणावतो, आणि फीत व नजर जिथे जुळतात तिथे खुंटी. सड्यावर उघड्या जांभ्यात लाकडी खुंटी शिरत नाही. तिथे लोखंडी खिळा आणि भोवती रंगाचा गोल. रात्रीत गुरांनी उखडलेल्या किंवा कुणीतरी ‘सरकवलेल्या’ खुंट्या दुसऱ्या दिवशी शोधाव्या लागतात, म्हणून वळणाची दोन टोके आणि शिरोबिंदू यांच्या संदर्भखुणा जवळच्या मोरीवर किंवा पक्क्या दगडावर आधीच बांधून ठेवायच्या.

या रीतीत एक बारीक लबाडी आहे. फीत सरळ जीवा मोजते, आणि हिशेब कमानीचा असतो. १५० मीटर त्रिज्येवर दहा मीटरच्या कमानीत हा फरक दोन मिलिमीटरही भरत नाही. तीच दहा मीटरची कमान २० मीटर त्रिज्येच्या घाटातल्या वळणावर घेतली तर फरक दहा सेंटिमीटरवर जातो. म्हणून वळण जितके आखूड, तितक्या खुंट्या जवळ.

घाटात तर रँकिनची रीतही हात टेकते. एकोणिसाव्या शतकात वेंगुर्ले बंदर बेळगावशी जोडणारा रस्ता आंबोलीवरून चढवला गेला. समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंची गाठताना बैलाला झेपेल असा चढ ठेवायचा, तर रस्त्याला डोंगराच्या कुशीत परत परत उलटे फिरावे लागते. अशा वळणात कोन १७० अंशांच्या घरात जातो. त्रिज्या २० मीटर धरली, तर स्पर्शिकेची लांबी निघते २२८ मीटरांहून अधिक. शिरोबिंदू दरीवर अधांतरी. तिथे रॉड कोण नेऊन धरणार? मग अशा ठिकाणी सगळा डाव उलटा मांडतात. आखूड त्रिज्येमुळे वर्तुळाचा मध्यच हाताशी असतो. तिथे खुंटी मारायची आणि फीत फिरवून कमान काढायची. मानकांप्रमाणे अशा ‘हेअरपिन’ वळणाला ताशी २० किलोमीटरचा वेग आणि आतल्या कडेला किमान १४ मीटर त्रिज्या लागते, आणि अशा दोन वळणांच्या मध्ये ६० मीटर तरी सरळ रस्ता. तळेरे-गगनबावडा मार्गावरचा करूळ घाट २०२४ च्या सुरुवातीला रुंदीकरणासाठी बंद झाला, तेव्हा कोल्हापूरकडे जाणाऱ्यांना फोंडा किंवा भुईबावडा घाटाचा फेरा पडला. घाटात वळणाची त्रिज्या वाढवणे याचा अर्थ एका बाजूने कडा फोडणे आणि दुसऱ्या बाजूने दरीतून भिंत उचलणे. तिथे कामाला लागणारा वेळ या दोन गोष्टी खातात.

किनाऱ्यावर शिरोबिंदू दरीऐवजी पाण्यात पडतो. मालवणहून आचऱ्याला जाताना कोळंबची खाडी ओलांडावी लागते. रेवसपासून रेडीपर्यंत आखलेला सागरी महामार्ग तर खाडीमागून खाडी घेतच खाली उतरतो. पुलाच्या तोंडाशी येणाऱ्या वळणांना शिरोबिंदूवर उभे राहण्याची सोय नसली, तरी काम अडत नाही. दोन्ही सरळ रेषांवर कोरड्या जागी एकेक खूण घ्यायची आणि त्यांच्यातले अंतर व कोन मोजायचे. समजा अंतर ६० मीटर आणि कोन १६ व २० अंश भरले. बेरीज ३६, हाच वळणाचा कोन. साइनच्या नियमाने पाण्यातला शिरोबिंदू पहिल्या खुणेपासून ३४.९१ आणि दुसरीपासून २८.१४ मीटरवर आहे, हे पायही न भिजवता कळते. स्पर्शिका ४८.७४ ची, म्हणजे वळण पहिल्या खुणेच्या १३.८३ मीटर अलीकडे सुरू होणार आणि दुसरीच्या २०.६० मीटर पलीकडे संपणार.

झालेल्या रस्त्याचे वळण तपासायचे असेल तर यंत्रही लागत नाही, दोरी पुरते. वीस मीटर दोरी वळणाच्या बाहेरच्या पांढऱ्या पट्ट्यावर दोन्ही टोके टेकवून ताणायची आणि मध्यावर दोरी व पट्टा यांच्यातले अंतर मोजायचे. ते ३३ सेंटिमीटर भरले तर त्रिज्या १५० मीटर. ८३ भरले तर ६०. जीवा आणि तिच्या मध्यावरचा शर माहीत असताना वर्तुळाचा व्यास काढण्याची रीत भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावतीत दिलेली आहे: अर्ध्या जीवेचा वर्ग शराने भागा आणि त्यात शर मिळवा. तिथे व्यास दहा, जीवा सहा असे उदाहरण आहे आणि शर येतो एक. आपल्या दोरीवर ती लावली तर १०० भागिले ०.३३३, अधिक ०.३३३, व्यास ३०० हून किंचित जास्त.

हीच दोरी जिल्ह्यातून जाणाऱ्या कोकण रेल्वेवरही ताणली जाते. रुळाच्या वळणाची तपासणी वीस मीटरच्या जीवेनेच होते. मध्यावरच्या अंतराला गँगमन ‘व्हर्साइन’ म्हणतात. २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्ग खुला झालेल्या या रेल्वेवर सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या १२५० मीटर. तिथे दोरीच्या मध्यावर फरक भरतो अवघा ४ सेंटिमीटर. वैभववाडी ते मडुरे याच भूगोलातून रूळ गेले आणि रस्तेही गेले, मग आकड्यांत एवढी तफावत का? ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली रेल्वेने ताशी १६० किलोमीटरचे लक्ष्य धरून त्रिज्या आधी नक्की केली, आणि डोंगर आडवा आला तिथे बोगदा खणला. संपूर्ण मार्गावर असे नव्वदहून अधिक बोगदे आहेत. जिल्ह्यातल्या जुन्या रस्त्यांनी डोंगराला वळसा घातला आणि त्रिज्या सोडून दिली. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण ही त्या सोडलेल्या त्रिज्येची उशिरा केलेली वसुली म्हणता येईल. पूर्वीच्या १७ क्रमांकाचा आणि आता ६६ क्रमांकाचा हा महामार्ग रुंद होताना बरीच वळणे सरळ झाली, आणि जुन्या रस्त्याचे बाकदार तुकडे नव्याच्या कडेला राहून गेले. अशा तुकड्यावर दोरी ताणून पाहणे हा विद्यार्थ्यांसाठी उत्तम धडा आहे.

सुपर देण्याचे काम वरवर पाहता सोपे. सात मीटर रुंद रस्त्याला सात टक्के कल म्हणजे बाहेरची कड ४९ सेंटिमीटर वर. पण पाऊस त्याची परीक्षा घेतो. सरळ रस्त्यावर पाणी मध्यापासून दोन्हीकडे वाहते. वळणावर सगळेच्या सगळे आतल्या बाजूला येते. आतले गटार त्या हिशेबाने मोठे नसेल तर पाणी बाजूपट्टी कापून नेते. त्याहून फसवी जागा वळणाच्या तोंडाशी असते. बाहेरचा अर्धा रस्ता एका कलातून दुसऱ्या कलात जाताना मध्ये एका ठिकाणी अगदी सपाट होतो. रस्त्याला लांबीचा उतारही नसेल तर तिथे पाणी थांबते, आणि गाडी वळण घ्यायला लागते तीही नेमकी तिथेच.

सरळ रेषेतून एकदम वर्तुळात शिरण्याऐवजी मध्ये संक्रमण वक्र घालतात, म्हणजे त्रिज्या अनंतापासून हळूहळू खाली आणणारी शेपटी. सुपरही या लांबीत चढवतात. ताशी ६० आणि १५० मीटर त्रिज्येला मैदानी मानकाप्रमाणे सुमारे ६५ मीटरची शेपटी दोन्हीकडे लागते, आणि तिच्यासाठी मूळ वर्तुळ १.१७ मीटर आत सरकवावे लागते. गडग्याच्या मालकाशी झालेल्या बोलण्यात हा मीटर अनेकदा राहून गेलेला असतो. या वक्रांचे गणित पुस्तकाच्या उत्तरार्धात सविस्तर आहे. इथे एवढे पुरे.

आता हे सगळे संगणक करतो. टोटल स्टेशनमध्ये किंवा रोव्हरमध्ये निर्देशांक भरले, की खुंटीची जागा पडद्यावर दिसते. लॉगच्या पुस्तकातून साइन काढून रात्री कंदिलाच्या उजेडात विक्षेप कोनांचा तक्ता भरणारी पिढी निवृत्त झाली. हिशेबातल्या चुका मात्र निवृत्त झाल्या नाहीत. डाव्या वळणाला उजवे चिन्ह दिले जाते. शिरोबिंदूचा आतला कोन, १४४ अंश, वळणाचा कोन म्हणून भरला जातो, आणि ४८.७४ ऐवजी स्पर्शिका ४६२ मीटरची निघते. यंत्र तक्रार करत नाही. चूक पकडायला माणसाच्या डोक्यात आकड्याचा अंदाज लागतो, आणि तो दहा-बारा वळणे हाताने केल्याशिवाय येत नाही. हे पुस्तक त्या दहा-बारा वळणांसाठी आहे.

वाचणाऱ्याला त्रिकोणमिती दहावीपुरती आली तरी चालेल. सोबत साधा कॅल्क्युलेटर, तीस मीटरची फीत आणि वीस मीटर दोरी असावी. पहिली प्रकरणे त्रिज्या दिलेली धरून चालतात: घटक काढणे, खुंट्यांचा तक्ता, यंत्राने आणि यंत्राशिवाय आखणी. मधल्या प्रकरणांत जोडवळणे आणि उलटसुलट वळणे येतात. घाटात आणि पुलांच्या तोंडाशी त्यांच्याशिवाय गत्यंतर नसते. शेवटच्या प्रकरणात प्रश्न उलटा केला आहे. तिथे जमीन दिलेली आहे आणि त्रिज्या काढायची आहे. कोन तोच ३६ अंशांचा. विहीर हलवता येत नाही, म्हणून रस्त्याची मधली रेषा कोपऱ्यापासून पाच मीटरहून अधिक आत सरकवता येत नाही. पाच भागिले ०.०५१५, त्रिज्या ९७ मीटर. सात टक्के सुपर धरून वेग निघतो ताशी ५२, म्हणजे फलक ५० चा. अलीकडच्या सरळ रस्त्यावर वाहने ८० ने येत असतील, तर तो फलक वळणाच्या किती आधी उभा करायचा, हा त्या प्रकरणातला पहिला प्रश्न आहे.